आधी ढिगारा दाखवा

ईरा आणि निनाद,

गेल्या रविवारी फोनवर ईराने मला विचारलं, "आजी, अव्वा म्हणजे कोण?" तुमच्या आईने म्हणे तिकडे कुठल्याशा भाषणात सांगितलं की, मी जे काम करते ते मला लातूरच्या अव्वांनी शिकवलं. टाळ्या पडल्या. तुम्ही दोघं पहिल्या रांगेत बसला होता. मग तुमच्या आईने फोन हातात घेतला आणि मला म्हणाली, "आई, तूच लिही ना त्यांच्याबद्दल. तू त्यांना माझ्याआधीपासून ओळखतेस, आणि तुझं लिहिणं नीटनेटकं असतं."

भाषणात नाव घ्यायला अव्वा आणि नीटनेटकं लिहायला आई. ठीक आहे, लिहिते. जन्मभर मी कॉलेजात इंग्रजी शिकवलं, तरी हे मराठीत लिहिते आहे, कारण उमाबाईंचं, म्हणजे तुमच्या आईच्या अव्वांचं, बोलणं इंग्रजीत मावत नाही. तुमची आई वाचून दाखवेल. मध्येच ती थांबली तर तिला घाई करू नका.

उमा मठपती उदगीरकडच्या. स्थापत्य अभियंता होत्या आणि विष्णुपुरीच्या कॉलेजात शिकवायच्या. नांदेडला आमच्या समोरच्या घरात त्या भाड्याने राहत. बुटक्या होत्या. सुती साडी, साडीखाली पुरुषांचे तपकिरी बूट, गळ्यात लिंगाची चांदीची पेटी आणि कमरेला खोचलेली मोजायची टेप, असा त्यांचा बारा महिन्यांचा वेश. लग्नाला आल्या तरी टेप कमरेला असायची. एकदा आमच्या शेजारच्या लग्नात त्यांनी जेवायला बसण्याआधी मांडवाचे खांब मोजले होते.

तेव्हा आमचं घर बांधणं चालू होतं; दोन खोल्या झाल्या होत्या आणि आम्ही त्यांतच राहत होतो. तुमचे आजोबा बँकेत, मी कॉलेजात, त्यामुळे सगळं कंत्राटदाराच्या भरवशावर होतं. एका संध्याकाळी मी मोठ्या हौसेने उमाबाईंना घर बघायला बोलावलं. नवी चौकट, नवा जिना, सगळं दाखवायचं मी मनात ठरवून ठेवलं होतं. त्या फाटकातून आत आल्या आणि म्हणाल्या, "आधी ढिगारा दाखवा."

"कसला ढिगारा?"

"मलबा कुठं टाकून राहिले? मागं असंल."

मी पुढे व्हायच्या आत त्या मागच्या अंगणात पोचल्या होत्या. तिथे विटांचे तुकडे, फुटक्या फरश्या, सळयांची टोकं आणि वाळलेलं सिमेंट यांचा कमरेएवढा ढीग होता. उमाबाई त्याच्यासमोर उकिडव्या बसल्या आणि एकेक वस्तू उचलून बघायला लागल्या, बाजारात वांगी निवडावीत तशा.

"हे बघा. भिंत बांधली, गिलावा केला, मग वायरवाला आला अन् त्यानं खाच पाडली. मग नळवाला आला, त्यानं दुसरी पाडली. ही खिडकी आधी दुसरीकडं होती, हाव ना?"

होती. वास्तू बघणाऱ्या गुरुजींनी भिंत झाल्यावर सांगितलं होतं, म्हणून आम्ही ती काढून दुसरीकडे बसवली होती.

"घराकडं काय बघायचं," त्या म्हणाल्या. "घर गप बसतं. ढिगारा सगळं सांगतो."

मला राग आला, पण तो राग गिळून मी चहा करायला वळले, तेव्हा तुमची आई दिसली. मुक्ता तेव्हा प्राथमिक शाळेत होती. ती उमाबाईंच्या शेजारी तशीच उकिडवी बसली होती आणि तुकडे वेगळे करत होती. अर्ध्या विटा एकीकडे, पाव विटा दुसरीकडे, फरश्या तिसरीकडे. या मुलीचं दप्तर आवरायला मी रोज घसा फोडत होते. माझ्या घरात मसाल्याच्या प्रत्येक डब्यावर नाव लिहिलेलं असायचं, आणि या मुलीला स्वतःचा कंपास सापडत नसे. त्या संध्याकाळी अंधार पडेपर्यंत तिने आमच्या घराचा कचरा लावून ठेवला, आणि जेवायला हाक मारली तर म्हणाली, "थांब ना, अजून सळया राहिल्यात."

त्या तुकड्यांतून उमाबाईंनी मागच्या अंगणात बसायचा कट्टा करून घेतला. तुम्ही सुट्टीत येता तेव्हा ज्यावर बसून आंबे खाता तो. घरातली ती एकच जागा आहे जिला आजवर तडा गेलेला नाही. हे मला लिहावंसं वाटत नव्हतं.

त्यांच्याबद्दल गल्लीतल्या बायकांचं मत फार बरं नव्हतं. त्या कंजूष आहेत असं सगळ्या म्हणत. त्यांच्याकडे जेवायला गेलं की आधी विचारत, "भाकरी किती खाणार?" आणि तेवढ्याच करत. संकोचून कमी सांगितलं तर उपाशी उठावं लागे. त्यांचं उत्तर ठरलेलं असे: "मागा की. पीठ हाय, तवा हाय. आधीच करून ठेवून शिळ्या कशाला करू?" एकदा त्या माझ्या स्वयंपाकघरात आल्या. माझ्या लेबलं लावलेल्या डब्यांची रांग पाहून कोणीही कौतुक करत असे. उमाबाईंनी ती या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली आणि म्हणाल्या, "नावं चांगली लिवलीत. पर डबे लई हायत." मुक्ता खुदकन हसली. ते हसणं मला अजून ऐकू येतं.

काही वाया जाऊ न देण्याची ही सवय त्यांना कुठून लागली ते त्या सहसा सांगत नसत. तुमच्या आजोबांनी एकदा खोदून विचारलं, तेव्हा एवढंच म्हणाल्या की लातूरच्या मोठ्या भूकंपानंतर त्या वर्षभर खेड्यांत कामाला होत्या. पडलेल्या भिंतींचे चांगले घडीव दगड खड्ड्यात लोटले जाताना त्यांनी पाहिले, आणि नव्या भिंतींचा माल लांबून गाड्या भरून येताना पाहिला. "म्हाताऱ्या बाया खड्ड्याच्या काठावर बसायच्या," त्या म्हणाल्या, "आपला दगड कोणता ते ओळखत." मग त्यांनी विषय बदलला.

पुढे त्यांनी नोकरी सोडली आणि लातूरला स्वतःचं ऑफिस काढलं. मला वाटलं, सुटलो. पण मुक्ता विष्णुपुरीला इंजिनिअरिंगला गेली, आणि पहिल्याच सुट्टीत लातूरची एसटी पकडून उमाबाईंच्या साइटवर जाऊन राहिली. मग दर सुट्टीत तेच. फोनवर विचारलं, जेवलीस का, तर म्हणे, "अव्वांबरोबर जेवले."

आता हा शब्द. उदगीरकडे, जिथे कानडी मराठीत मिसळते, तिथे वडीलधाऱ्या बाईला अव्वा म्हणतात. साइटवर गवंडी, बिगारी, पाणी मारणाऱ्या बाया, सगळे उमाबाईंना अव्वा म्हणत, म्हणून मुक्ताही म्हणायला लागली. "ते नुसतं हाक मारायचं नाव आहे, आई," ती मला समजावायची. मला कानडी येत नाही. पण अव्वा म्हणजे आई, एवढं कळायला कानडी यावी लागत नाही. मी तिला नऊ महिने पोटात वाढवलं, तिचं गोवराचं आजारपण काढलं, तिला स्पेलिंग शिकवलं, आणि आईच्या अर्थाची हाक समोरच्या घरात भाड्याने राहणाऱ्या बाईला गेली. ही मुलगी कोणाची, एवढा एकच प्रश्न तेव्हा माझ्यापुढे होता, आणि तो मला कोणाशी बोलता येत नव्हता.

शेवटी एका रविवारी मी स्वतःच लातूरला गेले. तिथे एका डाळमिलवाल्या अप्पांना क्लासेसना येणाऱ्या मुलींसाठी वसतिगृह बांधायचं होतं. मी पोचले तर मोकळ्या जागेवर इमारत नव्हतीच. जमिनीवर फक्कीच्या, म्हणजे चुन्याच्या पांढऱ्या भुकटीच्या, रेघा मारल्या होत्या. खोल्या, दारं, जिना, न्हाण्या, सगळं खऱ्या मापाचं. ती भुकटी मारून पांढरीफटक झालेली मुलगी माझी होती, हे ओळखायला मला क्षणभर वेळ लागला.

ही उमाबाईंची पद्धत होती. पाया खणायच्या आधी त्या मालक, मालकीण, गवंडी, वायरवाला, नळवाला, सगळ्यांना एकाच दिवशी बोलवत आणि त्या रेघांच्या घरात वावरायला लावत. त्या दिवशी दहा-बारा क्लासच्या मुलीही बोलावल्या होत्या, बादल्या घेऊन.

अप्पा धोतर सावरत सरळ चालत आले.

"अप्पा, दारातून या की," उमाबाई म्हणाल्या. "भिंतीतून कुठं येऊन राहिलात?"

अप्पा थांबले, खाली पाहिलं, मागे गेले आणि रेघ जिथे तुटली होती तिथून आत आले. मुली तोंडाला ओढणी लावून हसल्या.

"पोर्च कुठं हाय माझा?" अप्पांनी विचारलं. त्यांना दारात मोठा पोर्च हवा होता, देवळासारखे खांब असलेला, पाहुण्यांच्या गाड्या मावतील असा.

"हाय ना. तुम्ही म्हणाल तेवढा मोठा काढलाय. तिथंच उभे राहा." मग त्या मुलींकडे वळल्या. "पोरींनो, सकाळ झाली. क्लासला जायचंय. आंघोळीला रांग लावा."

मुली न्हाण्यांच्या रेघांसमोर उभ्या राहिल्या. पोर्चने जागा खाल्ल्यामुळे न्हाण्या थोड्याच बसल्या होत्या, आणि रांग बोळातून वाढत वाढत पोर्चमध्ये आली. शेवटची मुलगी बादली घेऊन अप्पांच्या शेजारी येऊन उभी राहिली. अप्पांनी संकोचाने तिच्यासाठी जागा केली.

"अप्पा, तुमच्या पावण्याच्या गाडीत पोरगी बादली घेऊन बसली बघा," उमाबाई म्हणाल्या.

अप्पांच्या बायको फक्कीच्या स्वयंपाकघरात उभ्या होत्या. त्या तिथूनच म्हणाल्या, "मी घरी म्हणलेच होते. माझं ऐकतंय कोण."

अप्पांनी रांगेकडे पाहिलं, मग पायाखालच्या रेघेकडे. मग म्हणाले, "छोटा करा."

उमाबाईंनी बुटाने पोर्चची रेघ पुसली. "आता पुसायला पाय पुरतो," त्या म्हणाल्या. "उद्या हातोडा लागला असता."

मुख्य गवंडी खाजाभाई बाजूला बसून पान लावत होते. ते म्हणाले, "अव्वा, आमच्यात आधी भिंत बांधतेत. मग मालकीण येती. मग भिंत फोडतेत, मग पुन्हा बांधतेत. तुमच्यापायी आमचं फोडायचं काम गेलं की."

"फोडायचं गेलं, पुढचं काम लवकर भेटलं. माणूस रिकामा उभा राहिला तर त्योबी मलबाच. तक्रार काय हाय?"

"तक्रार न्हाई. फोडताना जरा राग निघायचा, तेवढंच."

सगळे हसले. मीही हसले असते. पण अप्पांच्या बायकोने मला चहा देताना विचारलं, "तुम्ही कोण अव्वांच्या?"

"मी मुक्ताची आई."

"अगं बाई," त्या म्हणाल्या. "आम्ही समजून चाललो होतो, ती अव्वांचीच हाय. चालणं सारखं, बोलणं सारखं."

चालणं खरंच सारखं होतं. दोघी रेघा न पुसता, पाय उचलून उचलून, दारादारातून चालत होत्या.

उमाबाई कधीच चुकत नसत असं मात्र समजू नका. अहमदपूरला एका डॉक्टरांचं घर त्यांनी केलं. त्यांच्या सगळ्या खोल्या फरशीच्या मापात असत, म्हणजे कडेला फरशी कापावी लागू नये. त्या घराला त्यांनी फरश्याही अगदी मोजून मागवल्या, एकही जास्त नाही. टेम्पोतून उतरवताना काही फुटल्या. पुन्हा मागवायला गेले तर तो रंग बंद झालेला. शेवटी पुढच्या दारातच वेगळ्या रंगाच्या फरश्या बसल्या, आणि घरात येणाऱ्या प्रत्येकाला त्या आधी दिसायच्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, निदान कॉटखाली तरी हलवा. उमाबाईंनी साफ नाही सांगितलं. "हलवायच्या तर बसलेल्या फोडाव्या लागतील. माझी चूक झाकायला अजून मलबा न्हाई करणार." डॉक्टरीणबाईंनी त्यांच्यावर सतरंजी टाकली आणि सगळ्या अहमदपुरात बोलत राहिल्या.

ही हकिगत कानावर आली त्या दिवशी मी शिरा केला होता. जेवताना मी मुक्ताला सहज म्हणाले, "तुझ्या अव्वांचं चुकलं म्हणे अहमदपूरला."

"हो," ती म्हणाली. "त्या स्वतःच सगळ्यांना सांगतात. आता दर घराला थोड्या फरश्या जास्त घेतात, आणि का घेतो तेही सांगतात."

"मी चुकले असते तर इतक्या कौतुकाने सांगितलं असतंस?"

"तू चुकल्याचं सांगतेस कुठे, आई?"

तुमच्या आजोबांनी खाली ताटात बघून शिऱ्याची तारीफ केली.

मुक्ताचं शिक्षण संपलं तेव्हा तिला नांदेडलाच शिकवायची नोकरी मिळत होती. घरापासून जवळ, दुपारी घरी जेवायला येता येईल अशी. मी तिची खोलीसुद्धा रंगवून घेतली. तिने सांगितलं, मी लातूरला अव्वांच्या ऑफिसात जाणार. मी तिच्याशी वाद घातला नाही. मी एसटीने लातूरला गेले आणि उमाबाईंच्या समोर बसले.

"तिला परत पाठवा," मी म्हणाले.

त्या साइटवरून आलेल्या सळयांच्या तुकड्यांची मापं घेत होत्या. "मी ठेवून घेतली न्हाई. ती आली."

"तुम्ही नाही म्हणालात तर ती येणार नाही. तुमचं ऐकते ती. माझं नाही ऐकत."

त्यांनी टेप मिटली. बाहेर डाळमिलचा भोंगा होऊन गेला. मग म्हणाल्या, "मला बी वाटतंय ती इथं राहावी. माझ्यामागं हे ऑफिस चालवणारं दुसरं कोण हाय?" त्यांनी असं काही मागितल्याचं मी पहिल्यांदाच ऐकत होते, आणि तेही माझ्याकडे. मी मान खाली घातली नाही.

"ती माझी मुलगी आहे, उमाबाई."

"हाव," त्या म्हणाल्या. "पाठवते. पर दुपारच्या जेवणाला घरी यायच्या नोकरीवर न्हाई पाठवणार. माझ्याजवळचं तिला समदं देऊन झालं. आता इथं बसवली काय अन् तुमच्याकडं बसवली काय, वायाच जाईल."

मला वाटलं पुण्याला पाठवतील. त्यांनी तिला तुमच्या देशात पाठवलं. अर्ज करायला लावले, शिफारशी मिळवून दिल्या, ऑफिसात यायचं नाही म्हणून बजावलं. मुक्ता महिनाभर रडली, आणि ती रडली ते आम्हाला सोडून जायचं म्हणून नव्हे, अव्वांनी नको म्हटलं म्हणून. निघायच्या दिवशी उमाबाई आल्या नाहीत. त्यांच्याकडे त्या दिवशी स्लॅब टाकायचा होता. विमानतळावर आम्हाला हात करून आत गेल्यावर तुमच्या आईने पहिला फोन लातूरला केला. मला हे माहीत आहे, कारण मी तेव्हा तिला फोन लावत होते आणि तो व्यस्त येत होता, आणि उमाबाईंचाही.

त्यानंतर तिचं लग्न, तुमचे जन्म, सगळं तिकडेच झालं. उमाबाईंची आणि माझी भेट क्वचित व्हायची. भेटलो की दोघी एकमेकींना विचारायचो, मुक्ताचा फोन आला होता का. आणि दोघीही, आला होता, म्हणायचो. माझ्याकडे नेहमीच आलेला असायचा असं नाही.

गेल्या हिवाळ्यात तुमची आई एकटी आली होती, आठवतं ना? तेव्हा आम्ही लातूरला गेलो. उमाबाई आता त्यांच्या भाचीकडे असतात. भाचीने फोनवरच सांगितलं होतं, "मावशी माणसं ओळखत न्हाई आता. भिंत वाकडी असली तर मात्र बरोबर सांगती." मुक्ताने ते ऐकून घेतलं होतं. तिचा विश्वास बसला नसावा.

उमाबाई ओसरीवर खुर्चीत बसल्या होत्या. मुक्ता पाया पडली. "बसा," त्या म्हणाल्या. "कोणत्या साइटवरून आलात?"

मुक्ताने माझ्याकडे पाहिलं. मग ती त्यांच्या पायाशी बसली आणि तिने मोबाइलवर स्वतः बांधलेल्या नव्या वाचनालयाचे फोटो उघडले. उमाबाईंनी चष्मा लावला. एकेक फोटो त्या बराच वेळ बघत होत्या.

"ह्या भिंती उद्या काढायच्या झाल्या तर?"

"बोल्टवर आहेत, अव्वा. अख्खी भिंत निघते आणि दुसरीकडे लागते. फोडावं लागत नाही."

"बोल्टात पावसाचं पाणी जाईल."

"वरून पत्र्याची पट्टी आहे."

"दाखवा."

तिने फोटो मोठा करून दाखवला. उमाबाईंनी बोटाने पट्टीची कड शोधली. नंतर चष्मा काढला आणि म्हणाल्या, "बरं हाय." याहून मोठी शाबासकी त्यांनी कधी कोणाला दिली नव्हती. तुमच्या आईचा चेहरा मी बघितला आणि दुसरीकडे बघायला लागले.

तेवढ्यात उमाबाई माझ्याकडे वळल्या. "ही पोरगी कोणाची हो?"

भाची चहाचा ट्रे घेऊन दारात थांबली. मुक्ता माझ्याकडे बघत होती.

"माझी," मी म्हणाले.

उमाबाईंनी मला नीट पाहून घेतलं. "लई चांगलं शिकवलं तुम्ही हिला," त्या म्हणाल्या.

"हो," मी म्हणाले.

चहा झाला. भाचीने ऑटो बोलावला. आम्ही बसलो तेव्हा उमाबाई भाचीच्या हाताला धरून फाटकापर्यंत आल्या. ऑटोवाला किक मारत होता आणि गाडी चालू होत नव्हती. मुक्ता खाली बघून म्हणाली, "सांगायचं होतंस ना आई, मी त्यांची कोण ते."

"सांगितलं की," मी म्हणाले. "माझी मुलगी म्हणून सांगितलं."

ऑटो चालू झाला. वळणावर तिने मान बाहेर काढून हात केला. उमाबाई फाटकात तशाच उभ्या होत्या. त्यांनीही हात वर केला होता, पण त्या बघत होत्या माझ्याकडे.